सात सेंट जास्त

ग्रेव्हल बे, मिशिगन
१८ सप्टेंबर २००७

रेनो,

फोन न करता पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. दुकानातला फोन गल्ल्याशेजारी आहे आणि अर्धं गाव कॉफीचा कप घेऊन तिथेच उभं असतं. शिवाय फोनवर मला रडू फुटतं. कागदावर फुटत नाही, उलट चांगली चीड येते.

तर ऐक. माझं कार्डाचं मशीन बंद पाडलंय. चोवीस ऑगस्टला सकाळी एका बाईनं पेट्रोलसाठी कार्ड ओढलं आणि मशीनवर अक्षरं उमटली, 'खातं बंद'. ना चिठ्ठी ना फोन. मी दुसऱ्या कंपनीकडे गेले, तिसरीकडे गेले, चौथीकडे गेले. सगळे आधी गोड गोड बोलतात, आणि दोन दिवसांनी सांगतात की बाई, तुमचं नाव यादीत आहे. कसली यादी? सांगता येत नाही. कोणी टाकलं? तेही सांगता येत नाही. किती दिवस राहणार? पाच वर्षं. हे मात्र बरं सांगता येतं!

कारण मला ठाऊक आहे. पाटी. गॅलनमागे मला पाच सेंट सुटतात आणि गिऱ्हाइकानं कार्ड पुढे केलं की कार्डवाले सात कापतात. नाकापेक्षा मोती जड. म्हणून जुलैत मी पंपावर लिहिलं, 'कार्डाने घेतल्यास गॅलनमागे सात सेंट जास्त.' बारागा गावचा पंपवाला टोनी येऊन बघून गेला. म्हणाला, "तैमी, ते 'जास्त' खोड आणि 'रोखीने घेतल्यास सात सेंट सूट' असं लिही. आकडा तोच राहतो. सूट लिहिलेली चालते, जास्त लिहिलेलं चालत नाही, असा त्यांचा नियम आहे." मी म्हटलं, सूट म्हणजे मी कोणावर तरी मेहेरबानी करतेय. मी कुठे मेहेरबानी करतेय? ते माझ्या खिशात हात घालताहेत, आणि हात कोणाचा आहे हे गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही? मी नाही खोडलं. मग उन्हाळ्यात कॉटेजवर येणाऱ्या कोणा शहाण्यानं कार्डामागचा नंबर फिरवून तक्रार केली.

तू तीस वर्षं याच धंद्यातल्या बँकेत बसला आहेस. मशीन मी ग्रीन बेच्या एका विक्रेत्याकडून घेतलं होतं, त्याच्यामागे कुठली बँक उभी आहे हे त्यालाही धड सांगता येत नाही. तू शोधून काढ. डिसेंबरमध्ये बर्फ पडला की स्नोमोबाईलवाले बर्फावर गाड्या फिरवायला येतात आणि त्या तीन महिन्यांवर माझं वर्ष निघतं. त्यांच्या खिशात नोट नसते. तोवर मशीन सुरू झालं नाही तर दुकान गेलं, रेनो. मी उगाच भरमसाट बोलत नाही हे तुला माहीत आहे.

जोनवहिनीच्या हातांची सूज कशी आहे?

तैमी

*

मिलवॉकी
२७ सप्टेंबर

प्रिय तैमी,

पत्र वाचून आधी हसलो, मग हसू आवरलं. तुझ्याच पाटीवर असं काही लिहिलेलं असणार! आई म्हणायची, या पोरीला 'थोडं ऊन आहे' म्हण म्हटलं तर ही उंबऱ्यावर जाऊन सूर्य मोजून येईल.

आता कामाचं. ती यादी खरी आहे. कार्ड कंपन्या ती ठेवतात आणि आमच्यासारख्या बँका तिच्यात नावं भरतात. चोरीची कार्डं चालवणारे, खोटी दुकानं काढणारे, अशांसाठी ती आहे. पाटीवरच्या एका शब्दापायी तुझं नाव तिथे जाणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. नियम असा आहे की आधी ताकीद द्यायची, तीस दिवस थांबायचं, तरी ऐकलं नाही तर खातं बंद करायचं. तुला ताकीद मिळालेलीच दिसत नाही. म्हणजे कुठल्या तरी गाढवानं घाई केलेली आहे, आणि ते आपल्या पथ्यावर पडेल.

कारण नाव काढायचा रस्ता एकच आहे. ज्या बँकेनं टाकलं तिलाच ते काढता येतं, आणि तेही 'टाकताना आमची चूक झाली' असं तिनं लिहून दिलं तर. बँका असं सहसा लिहून देत नाहीत. लिहून देणाऱ्याची नोकरी राहत नाही. पण ते गाढव शोधून त्याच्या मानेवर बसायचं काम माझ्याकडे लागलं.

दुकानाचं कागदोपत्री नाव कळव. पाटीवर 'तैमीज्' असलं तरी फाईलमध्ये ते नसतं.

जोनची सूज नव्या इंजेक्शनानं उतरली आहे. एका सुईची किंमत ऐकशील तर पंपापाशीच मटकन बसशील. विमा बँकेचा आहे म्हणून निभतंय. मार्चमध्ये माझी तीस वर्षं भरतात, मग पेन्शन आणि विमा दोन्ही जन्माचे.

धीर सोडू नकोस.

तुझा,
रेनो

*

ग्रेव्हल बे
६ ऑक्टोबर

रेनो,

तुझं पत्र वाचून कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. कागदोपत्री नाव 'साउथ रेंज मर्कंटाइल'. हसू नकोस. आमच्या लग्नानंतर कार्लनं ती मेलेली कंपनी विकत घेतली होती, तिच्याकडे बिअर विकायचा परवाना होता म्हणून. परवान्यासाठी नाव तसंच ठेवावं लागलं. पत्ता हँकॉकच्या आमच्या हिशेबनीसाचा आहे, पण तो वसंतात ऑफिसला कुलूप लावून मुलीकडे ॲरिझोनाला गेला. त्या ताकिदीचं काय झालं असेल ते तूच ओळख.

इथली हालत सांगते. लोक चांगले आहेत, चेक देतात, 'शुक्रवारी देतो' म्हणतात आणि शुक्रवारी देतातही. पण रस्त्यानं जाणारा परका माणूस पंपाजवळ येतो, 'फक्त रोख' वाचतो आणि निघून जातो. आर्डिसला मी घरी बसवलं. एकोणीस वर्षं ती माझ्याकडे मांस-बटाटा भरलेल्या पास्टी भाजत होती. तिनं ॲप्रन घडी करून काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "मी रागावलेली नाही." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेल कंपनीचं पत्र आलंय. एक डिसेंबरपर्यंत कार्ड सुरू झालं नाही तर टँकर पाठवणार नाहीत.

आणखी एक. शिकागोहून एक वकीलबाई आल्या होत्या, वॉस नावाच्या. देशभरातल्या दुकानदारांनी मिळून कार्ड कंपन्यांवर खटला भरलाय. म्हणणं असं की कंपन्या आणि बँका एकत्र बसून दर ठरवतात, दुकानदाराला दुसरीकडे जायला जागा ठेवत नाहीत, आणि वर गिऱ्हाइकाला त्याबद्दल बोलायचीही बंदी घालतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! बाईंनी माझ्या पाटीचे वीस फोटो काढले. सहा डिसेंबरला मार्केट शहरात येऊन शपथेवर जबानी द्याल का, म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्या बँकेची फाईलही त्या कोर्टाकडून मागवणार आहेत.

पण जबानीनं माझं मशीन सुरू होत नाही. ते तुझ्या हातात आहे. गाढव सापडलं का?

तैमी

*

मिलवॉकी
२ नोव्हेंबर

प्रिय तैमी,

उशीर झाला, माफ कर. ऑफिसात कामाचा ढीग होता.

मी बरीच चौकशी केली. प्रकरण दिसतं तितकं सोपं नाही. कोणत्या बँकेनं काय केलं हे बाहेरून कळणं अवघड असतं आणि कळलं तरी उपयोग होईलच असं नाही. माझा सल्ला असा की यादीच्या मागे लागण्यात वेळ घालवू नकोस. टोनीला पंप चालवायला देता येईल का बघ. त्याचं मशीन त्याच्या नावावर चालेल.

आणि त्या जबानीच्या फंदात पडू नकोस. हे खटले दहा दहा वर्षं चालतात. कंपन्यांचे वकील तुझी सालटी काढतील. तू खेड्यातली बाई, तुला शब्दांत पकडतील. तुझी पाटी, तुझा हट्ट, सगळं कोर्टाच्या कागदांत जाईल आणि तिथे कायमचं राहील. त्या वॉसबाईंना सांग, तब्येत बरी नाही.

सोबत चार हजार डॉलरचा चेक आहे. परत करायचा नाही.

रेनो

*

ग्रेव्हल बे
९ नोव्हेंबर

रेनो,

चेक परत पाठवतेय. तुझ्या पत्रात तू कुठेच नव्हतास. मी ते तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा मला कळलं.

जोनचं बिघडलंय, हो ना? म्हणून महिनाभर पत्र नाही, म्हणून असा तुटक. आणि मी इकडून माझंच रडगाणं गातेय. की माझी चौकशी केलीस म्हणून बँकेत तुला कोणी बोललं? मार्च चार महिन्यांवर आलाय आणि मी तुला वरच्यांच्या डोळ्यावर आणतेय. तसं असेल तर सोड. खरंच सोड. एका दुकानापायी दोघांनी बुडायला नको. मी तुझ्यावर रागावणार नाही.

पण जबानी देणार. तेवढं मागू नकोस. गेल्या अडीच महिन्यांत मला कोणी एकदाही विचारलं नाही की बाई, तुमचं म्हणणं काय. या लोकांनी विचारलं.

कार्लची बोट विकली. बोट गेल्याचं वाईट वाटलं नाही, पण घेणाऱ्यानं जेव्हा 'कार्ड चालेल का' म्हणून विचारलं तेव्हा मी गोदामात जाऊन पोत्यावर बसले आणि ओरडले. पुढल्या गुरुवारी हरणांची शिकार सुरू होते. रोख देणारे शिकारी असतात थोडे. तेवढ्यावर नोव्हेंबर काढते.

पुढचं मला दिसत नाही. कार्ल गेला तेव्हाही पुढचं दिसत होतं, दुकान होतं. आता सकाळी कुलूप काढताना वाटतं, हे कशासाठी काढतेय.

जोनला माझं प्रेम सांग. काही लपवू नकोस माझ्यापासून.

तैमी

*

ग्रेव्हल बे
२४ नोव्हेंबर

रेनो,

वॉसबाईंनी बँकेच्या फाईलच्या प्रती पाठवल्या. सहा तारखेच्या आधी नजरेखालून घाला, म्हणाल्या.

'साउथ रेंज मर्कंटाइल.' खाली कारणाच्या रांगेत खूण आहे. 'नियमभंग' या चौकटीत नाही, तिच्या खालच्या चौकटीत. 'फसवणूक.' खाली सही. वॉसबाई म्हणतात, सही वाचता येत नाही, नुसत्या रेघोट्या आहेत, कोणी खालचा कारकून असेल.

त्यांना येत नाही. मला येते. सहीतला तो आर मी पन्नास वर्षं पाहतेय. शाळेत त्याची शेपटी खालच्या ओळीत जायची म्हणून मिस हेक्कलाचा मार खायचास आणि पाटी माझ्याकडून पुसून घ्यायचास. तोच आर तुझ्या प्रत्येक पत्राखाली आहे. तुझी दोन्ही पत्रं आणि हा कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बसले.

गाढव सापडलं, रेनो.

सही करताना तुला माहीत नसेल. एवढं मी मानते. दुकानाचं नाव तिथे नव्हतं. पण माझं सहा ऑक्टोबरचं पत्र मिळाल्यावर माहीत होतं. दोन नोव्हेंबरला तू 'बाहेरून कळणं अवघड' लिहिलंस तेव्हा माहीत होतं. तब्येत बरी नाही म्हणून खोटं सांग, असं मला शिकवलंस तेव्हा माहीत होतं. आणि मी जोनसाठी प्रार्थना करत होते!

मी आर्डिसला घरी पाठवलं. मी बोट विकली. आणि तू चार हजारांचा चेक पाठवलास.

सहा डिसेंबरला मी शपथ घेणार आहे. त्यांनी विचारलं की ही सही ओळखता का, तर मी ओळखते म्हणून सांगणार, आणि कोणाची तेही सांगणार. मग बँक तुला विचारेल की बहिणीची फाईल होती हे कळल्यावर दोन महिने गप्प का बसलास. तुझ्याकडे तोवर वेळ आहे. त्या वेळात काय करायचं ते तुला मी सांगायला नको.

मला उत्तर लिहू नकोस.

तैमी

*

मिलवॉकी
५ डिसेंबर

तैमी,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितोय. हे पत्र तुला मिळेल तेव्हा सहा तारीख होऊन गेलेली असेल, म्हणजे तुझ्या जबानीवर माझ्या पत्राचं ओझं पडायचं नाही.

सतरा ऑगस्टला, शुक्रवारी दुपारी, माझ्या टेबलावर अशा एकतीस फायली होत्या. जोनची इंजेक्शनची वेळ होती, मला चारला निघायचं होतं. तुझ्या फाईलला ताकिदीचं पाकीट टाचलेलं होतं, न उघडलेलं, 'पत्त्यावर कोणी नाही' असा शिक्का मारून परत आलेलं. ते उचलून बघितलं असतं तर सही करता आली नसती. मी बघितलं नाही. खूण एक चौकट खाली पडली. खालच्या चौकटीला पुढचं स्पष्टीकरण लिहावं लागत नाही, म्हणून हाताला ती सवय झाली होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. अशा किती फायलींत केलं असेल ते देव जाणे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी फाईल काढली. पाकीट तिथेच होतं. मी ते परत ठेवलं आणि घरी येऊन जोनशी पत्ते खेळलो. मार्च, मार्च, मार्च, एवढंच डोक्यात होतं. मार्चनंतर लिहून देईन, असं स्वतःला समजावत होतो. तुझा डिसेंबर मला दिसत नव्हता असं नाही. दिसत होता. मी तिकडे बघत नव्हतो.

सोमवारी, तीन तारखेला, मी साहेबाच्या खोलीत जाऊन लिहून दिलं. चूक माझी, ताकीद पोचलेली नव्हती, कारण खोटं, दुकानदार माझी बहीण, आणि मला ऑक्टोबरपासून माहीत होतं. शेवटचं वाक्य लिहायची गरज नव्हती, साहेबही म्हणाला की ते काढ. मी नाही खोडलं. मंगळवारी तुझं नाव यादीतून निघालं. आजपासून मी घरी आहे. पेन्शन अर्ध्याहून कमी होईल. विमा एकतीस डिसेंबरला संपतो. जोनला काल सांगितलं. ती दुखऱ्या हातांनी बटाटे सोलत बसली. मी सोलतो म्हटलं तर दिले नाहीत.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. फक्त एवढं कळव, तू त्यांना काय सांगितलंस. मला कशाला तयार राहायचं ते कळू दे.

रेनो

*

ग्रेव्हल बे
१० डिसेंबर

रेनो,

पत्र शनिवारी मिळालं. दोन दिवस उत्तर लिहिता आलं नाही, दुकानात गर्दी होती. शुक्रवारी मशीन सुरू झालं आणि शुक्रवारीच बर्फ पडला. तेल कंपनीनं तीन तारखेला पंपांना कुलपं घातली होती. फोन केला तर म्हणाले, आगाऊ पैसे भरा, टँकर पाठवतो. बोटीचे पैसे भरले. उद्या टँकर येतोय. आर्डिस सकाळीच येऊन भट्टीपाशी उभी राहिली, मी बोलावलंही नव्हतं.

आता जबानीचं. साडेचार तास चालली. कार्ड कंपन्यांचे तीन वकील होते, त्यांतला एक तरुण, फार सभ्य. त्यानं साडेचार तासांतले तीन एका शब्दावर घालवले. सूट का नाही लिहिलंत? आकडा तोच, गिऱ्हाइकाचं नुकसान तेवढंच, फायदा तेवढाच, मग तुम्हाला 'जास्त'च का हवं होतं? मी म्हटलं, खरं तेच आहे म्हणून. तो म्हणाला, "पण मॅडम, दोन्ही खरंच आहेत." मी म्हटलं, मग तुम्ही एकावर बंदी का घातलीत? वॉसबाईंनी टेबलाखाली माझा हात दाबला.

मग फाईल आली. तो कागद माझ्यापुढे ठेवला. मी तो दिसायच्या आधीच ठरवलेलं होतं. पहाटे गाडी चालवत मार्केटला जाताना, लान्स गावाच्या वळणावर ठरलं. मी म्हणणार होते, नाही, ही सही मी ओळखत नाही. शपथेवर. तुला चोवीस तारखेला एवढं सुनावून, मी तिथे हात वर करून तुझ्यासाठी खोटं बोलणार होते. तू तेव्हा काही कळवलेलं नव्हतंस. तू लिहून दिलंस की नाही हे मला माहीत नव्हतं. यादीतून नाव निघालंय हेही मला दुसऱ्या दिवशी कळलं. माझं दुकान बुडालं असं धरूनच मी ते ठरवलं होतं.

त्यांनी विचारलंच नाही, रेनो. त्या पोरानं कागद पुढे ठेवला, 'ही तुमचीच कंपनी ना' एवढं विचारलं, मी हो म्हटलं, त्यानं पान उलटलं. सही कोणाची याच्याशी त्या खोलीतल्या कोणालाच देणंघेणं नव्हतं. ना त्यांच्या बाजूला ना आमच्या.

सुईची किंमत कळव. मार्चपर्यंतच्या सुया मी भरेन, आणि यावर वाद घातलास तर चेक नाही, मीच तिथे येऊन उभी राहीन. जोनला सांग, आर्डिस म्हणते हात शेकायला सौनाची वाफ हवी, आणि आमचा सौना इथे रोज तापतोच.

तू आणखी तीन दिवस, माझी जबानी होईपर्यंत, गप्प बसला असतास तर कोणालाच काही कळलं नसतं. तुझी पेन्शन राहिली असती, जोनचा विमा राहिला असता, आणि आज माझ्या दाराला कुलूप असतं. यातलं मला काय हवं होतं ते विचारू नकोस. मी शनिवारपासून स्वतःला विचारतेय, आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं.

तैमी